अर्ध्या वाक्यांचे गुण

प्रकरण पहिलं : समस्येचं विधान

तिसरी 'अ'च्या बाईंना एम.एड. करायचं होतं, आणि ते या महिन्याच्या तीस तारखेच्या आत करायचं होतं. नोंदणीची पाच वर्षं त्या दिवशी संपत होती. मुदतवाढ एकदा मागून झाली होती. दुसऱ्यांदा मागायला गेल्या, तेव्हा खिडकीतल्या कारकुनाने मानसुद्धा वर न करता विचारलं, "बाई, रबर किती ताणायचं?"

लेखी पेपर केव्हाच सुटले होते. अडलं होतं ते लघुशोधप्रबंधावर. विषय बाईंच्या जिवाभावाचा होता : का-तास. गेली बारा वर्षं शेवटच्या तासाला बाई पुस्तकं दप्तरात ठेवायला लावत आणि वर्ग मोकळा सोडत. का विचारायचं आणि का सांगायचं, एवढीच अट. सावली सकाळी लांब का? कुत्रं जीभ बाहेर का काढतं? ओला कपडा का वाळतो? या तासामुळे मुलांना कारणं सांगता येऊ लागतात, हे बाईंना डोळे मिटून ठाऊक होतं. आता ते डोळे उघडे ठेवून, तक्त्यांसकट सिद्ध करायचं होतं. सिद्ध झालं तर बारा वर्षांचं सोनं. नाही झालं तर बारा वर्षं नुसता गोंगाट.

प्रकरण दुसरं : संबंधित साहित्याचा आढावा

या विषयावर आधी कोण काय म्हणालं आहे, ते या प्रकरणात द्यायचं असतं.

नवरा, पेशाने नकाशे काढणारा : "कर की. फक्त जेवायचं टेबल जेवायला ठेव."

लेक, स्वतः कॉलेजात : "आई, संदर्भसूची करताना तू पुटपुटतेस ना, तशी मी पुटपुटले असते तर मला डॉक्टरकडे नेलं असतंस."

सासूबाई, फोनवरून : "आमच्या वेळी शिकलेली सून मिळायची नाही. आता शिकून संपलेली मिळत नाही."

मुख्याध्यापिका : "पदवी आली तरी फळा तोच आणि खडूही तोच, बाई."

मोठी नणंद, म्हणजे वन्सं, कोर्टातून निवृत्त झालेल्या लघुलेखिका, दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या : यांनी पाच वर्षांत या विषयावर काहीही म्हटल्याचं आढळत नाही. संशोधनाच्या भाषेत याला पोकळी म्हणतात. पोकळी दिसली की ती भरून काढायची असते, असंही म्हणतात.

प्रकरण तिसरं : पद्धत

पद्धत साधी होती. बाईंच्या 'अ' तुकडीत बत्तीस मुलं, शेजारच्या 'ब' तुकडीतही बत्तीस. 'ब'मध्ये का-तास नव्हता. प्रत्येक मुलाला प्रयोगशाळेच्या बाकावर एकट्याला बसवायचं, पाच 'का' विचारायचे आणि उत्तरं मोबाईलवर ध्वनिमुद्रित करायची. एकूण तीनशे वीस उत्तरं. मग निकषांच्या तक्त्याप्रमाणे गुण. कारणच नाही, शून्य. कारण आहे पण अर्धवट, एक. कारण पूर्ण, दोन. कारण पूर्ण आणि सोबत दाखला, तीन.

बाईंनी दहा दिवस खपून गुण दिले. 'अ'ची सरासरी आली दोन पूर्णांक तीन, 'ब'ची एक पूर्णांक तीन. त्या दिवशी बाईंनी फळा पुसतानासुद्धा गाणं म्हटलं.

मार्गदर्शक मॅडम बाईंहून अकरा वर्षांनी लहान होत्या. त्यामुळे दोघीही एकमेकींना मॅडम म्हणत आणि अवघडलेपणातून सुटत. त्यांनी आकडे पाहिले, मान हलवली आणि म्हणाल्या, "उत्तम. आता दुसरा परीक्षक."

"दुसरा कशाला, मॅडम?"

"मॅडम, मुलं तुमची, तास तुमचा, गुणही तुमचेच. स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टका म्हटल्यासारखं झालं हे. कुणीतरी परकं माणूस शोधा. आणि शिक्षक नको. शिक्षक शिक्षकाला सामील असतो."

बाईंनी दोन दिवस विचार केला आणि वन्संच्या दाराची घंटी वाजवली.

"एकतीस वर्षं ऐकलेलं टिपत आले," वन्सं म्हणाल्या. "वाटलं होतं, आता कान रिकामे झाले. आण."

मार्गदर्शक मॅडमनी ध्वनिफिती पत्त्यांसारख्या पिसून त्यांना क्रमांक घातले, म्हणजे कुठलं मूल कुठल्या तुकडीतलं ते वन्संना कळू नये. वन्संनी चार दिवस, सकाळी दहा ते साडेपाच, मध्ये अर्धा तास सुट्टी, असं कोर्टाच्या वेळेत काम केलं. कागद परत देताना त्या एवढंच म्हणाल्या, "मुलं गोड आहेत. पण वाक्यं पूर्ण करत नाहीत."

प्रकरण चौथं : विश्लेषण

'ब' तुकडी : बाईंची सरासरी १.३, वन्संची १.३. एकशे साठपैकी एकशे अठ्ठेचाळीस उत्तरांना दोघींचे गुण तंतोतंत सारखे.

'अ' तुकडी : बाईंची सरासरी २.३, वन्संची १.४. एकशे साठपैकी फक्त एकाहत्तर सारखे.

हे आकडे बाईंनी तीनदा तपासले. आकडे ढिम्म हलले नाहीत. वन्संच्या हिशोबाने का-तास असला काय आणि नसला काय, दोन्ही तुकड्या जवळजवळ एकाच माळेचे मणी होत्या.

बाई चप्पल घालून निघाल्या, ते थेट वन्संच्या बैठकीत.

"वन्सं, क्रमांक अठरा. ही आमची टाचणी." (अंगाने काडी, आवाजही बारीक, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.) "हिला तुम्ही एक दिलात. मी तीन दिलेत."

"लाव बरं."

बाईंनी ध्वनिफीत लावली. आधी बाईंचाच आवाज : "ओला कपडा दोरीवर टाकला की वाळतो. का?" मग बारीक आवाज : "बाई, ते पाणी... पाणी जातं ना वर..." मग बाईंचा आवाज : "शाब्बास! पुढचा प्रश्न."

"ऐकलंत?" बाई विजयी मुद्रेने म्हणाल्या.

"ऐकलं. 'पाणी जातं ना वर.' संपलं."

"अहो, पण तिला म्हणायचं होतं की उन्हाने पाण्याची वाफ होते, ती हवेत मिसळते, म्हणून कपडा वाळतो!"

"हे तिने कधी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी शिकवलंय ना तिला!"

"मग ही साक्ष तुझी झाली," वन्सं म्हणाल्या. "तिची नाही."

"तुम्हाला मुलं कळत नाहीत, वन्सं."

"नाहीच कळत. म्हणूनच बोलावलंस ना?"

'ब' तुकडीतली मुलं बाईंनाही कळत नव्हती. त्यांची घरं ठाऊक नव्हती, मंगळवारी फळ्यापाशी कोण काय बोललं होतं ते ठाऊक नव्हतं. म्हणून तर तिथे दोघींचे गुण जुळले होते. हा विचार बाईंच्या मनात आला, आणि पायाखाली आलेल्या मांजरीला हाकलावं तसा त्यांनी तो हाकलला.

दुसऱ्या दिवशी 'ब'च्या बाईंनी शिक्षकखोलीत त्यांचा चेहरा पाहिला आणि सगळं काढून घेतलं. त्या मैत्रिणीला जागणाऱ्या होत्या. "एवढंच ना? दे इकडे ते रेकॉर्डिंग, मी होते दुसरी परीक्षक. तुझ्या मुलांना मी ओळखत नाही का? मधल्या सुट्टीत माझ्याच अंगावर येऊन आदळतात. तुझ्या नणंदेचे कागद ठेव कपाटात." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "किती जुळायला हवेत तेवढं सांग."

तारीख होती पाच. पंचवीस दिवस उरले होते. बाईंनी हो म्हटलं नाही. पण नाहीही म्हटलं नाही, आणि रेकॉर्डिंगचा पेनड्राइव्ह पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात घातला.

मात्र त्याआधी वन्संना एकदा चीत करायचं होतं. मुलं बाकावर एकटी बसवली की बिचकतात, पण खऱ्या का-तासाला कशी फुलतात, हे त्या कोर्टातल्या कानांना ऐकवायचंच, असं बाईंनी ठरवलं. त्याच दिवशी शेवटच्या तासाला मोबाईल टेबलावर ठेवला आणि वीस मिनिटं मुद्रित केली. तास काय रंगला! खिडकीची तावदानं थरथरली. ते मुद्रण वन्संकडे देऊन बाई म्हणाल्या, "शब्द न् शब्द टाइप करा. मग बोलू."

दोन दिवसांनी पाकीट आलं. बाईंनी ते मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात धरून उघडलं. वन्संनी मुलांची नावं माहीत नसल्याने आपल्या सवयीने त्यांना क्रमांक दिले होते.

> बाई : सावली सकाळी लांब का असते?
> साक्षीदार ७ : बाई, कारण सूर्य तेव्हा...
> बाई : खाली असतो! शाब्बास.
> साक्षीदार १२ : बाई, पण मग दुपारी...
> बाई : डोक्यावर येतो, म्हणून आखूड. बरोब्बर!
> साक्षीदार १९ : कुत्र्याला ना, बाई, घाम...
> बाई : येत नाही, म्हणून तो जिभेने काम भागवतो. छान!
> साक्षीदार ४ : मला वाटतं की...
> बाई : हो, तेच. बसा.

अशी अकरा पानं. शेवटच्या पानाखाली वन्संच्या टोकदार अक्षरात : *मुलांनी सुरू केलेली वाक्यं ४१. बाईंनी संपवलेली ३४. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घातल्याबद्दल आमच्याकडे समोरच्या वकिलाने पहिल्या मिनिटाला हरकत घेतली असती.*

चहावर साय धरली. बाईंनी पुन्हा पहिल्या पानापासून वाचलं. साक्षीदार ४ ला काय वाटत होतं? त्यांना आठवेना. आठवणार कसं? ते कुणी ऐकलंच नव्हतं.

मुलं फुलत होती खरी, पण फुलण्याचा आवाज बाईंचा होता. वर्गात त्यांनी मुलांची वाक्यं पूर्ण केली आणि मग घरी बसून गुण देताना पुन्हा तीच पूर्ण केली. दोन्हीकडे प्रेमाने. हे प्रेम होतं हीच तर पंचाईत होती. लबाडी असती तर सोडायला सोपी गेली असती.

पेनड्राइव्ह बाहेरच्या कप्प्यातून आतल्या कप्प्यात गेला. 'ब'च्या बाईंना त्या म्हणाल्या, "राहू दे गं. नणंदेचेच गुण घालते."

"वेडी आहेस का? मग सिद्ध काय होणार?"

"काहीच नाही बहुतेक."

मार्गदर्शक मॅडमनी टंकलिखित पानं वाचली. चष्मा काढला. पुन्हा घातला. "शून्य परिकल्पना टिकली असं लिहायचं. फरक आढळला नाही, हाही निष्कर्षच असतो, मॅडम. त्यात कमीपणा नाही."

"कमीपणा नाही, पण रडू येतं."

"ते परिशिष्टात घाला," मॅडम म्हणाल्या, आणि दोघींनाही हसू फुटलं. मग त्यांनी विचारलं, "बावीस दिवस आहेत अजून. काय करणार?"

"गप्प बसून बघते."

प्रकरण चार-अ : आराखड्यात नसलेलं

गप्प बसणं हे किती मेहनतीचं काम आहे, ते बोलणाऱ्याला विचारावं. बाईंनी नियम केला : मूल थांबलं की मनात दहापर्यंत मोजायचं. पहिल्या दिवशी त्या चारच्या पुढे गेल्या नाहीत. जीभ दातांमागून धक्के मारत होती. दुसऱ्या दिवशी सहा. वर्ग चक्रावला. इतकी वर्षं धावणारी गाडी उतारावर थांबली की आतले प्रवासी जसे एकमेकांकडे बघतात, तशी मुलं बघू लागली.

"बाई, तुमचा घसा बसलाय का?"

"नाही रे. बोल तू."

"झालं माझं."

"काय झालं?"

"तेच... तुम्ही सांगता ना पुढचं."

बाईंना हे लागलं. त्यांनी ते वहीत लिहून ठेवलं, जसंच्या तसं, वन्संच्या पद्धतीने.

पाचव्या दिवशी ओल्या कपड्याचा विषय पुन्हा निघाला. टाचणी उठली. मोबाईल टेबलावर चालू होता.

"बाई, ते पाणी... पाणी जातं ना वर..."

बाईंच्या ओठांपर्यंत वाफ आली होती. त्यांनी ओठ मिटले. एक. दोन. तीन. मागच्या बाकावर कुणीतरी खुदखुदलं. सहा. सात. टाचणीने ओढणीचा बोळा करावा तसा फ्रॉकच्या कडेचा बोळा केला. नऊ. दहा. बाई अकरालाही थांबल्या.

"...म्हणून आमचेच कपडे वाळत नाहीत," टाचणी म्हणाली. "आम्ही सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतो. खालच्या चार मजल्यांच्या कपड्यांतलं पाणी वर येतं ना, ते आमच्या कपड्यांत शिरतं. मी रोज हात लावून बघते. खालच्या काकूंचे आधी वाळतात. आई म्हणते, मी नीट पिळत नाही. पण मी पिळते."

बाई खुर्चीत बसल्या.

वर्षभर या मुलीने 'पाणी जातं ना वर' म्हटलं होतं आणि वर्षभर बाईंनी त्यावर शाब्बास म्हटलं होतं. दोघींच्या डोक्यात दोन निरनिराळी पाणी वर जात होती, आणि हे त्या दोघींनाही माहीत नव्हतं.

"हॅ!" खिडकीजवळच्या मुलीने हात वर न करताच तोंड घातलं. "मग गच्चीवरचे कपडे कध्धीच नाही वाळणार! ती तर तुमच्याही वर!"

सगळा वर्ग टाचणीकडे वळला. बाईही वळल्या, आणि त्यांनी पुन्हा मोजायला सुरुवात केली. आठवर असताना उत्तर आलं : "गच्चीवर वारा असतो. आमच्या खिडकीत समोरची भिंत आहे. वारा येतच नाही."

"म्हणजे वाऱ्यामुळे वाळतात. वर-खालीमुळे नाही," खिडकीजवळची म्हणाली.

"असेल," टाचणी म्हणाली. "मी उद्या पंखा लावून बघते."

घंटा झाली. एकही मूल दप्तराला हात लावेना.

संध्याकाळी वन्संनी ती फीत ऐकली, तक्ता समोर ओढला आणि लिहिलं : तीन.

"अहो वन्सं, पण तिचं कारण चुकीचं होतं सुरुवातीला."

"कारण पूर्ण आहे. दाखला आहे. तुझ्या तक्त्यात 'बरोबर' असा रकाना कुठे आहे?" मग फीत मागे नेऊन त्यांनी शेवटचं पुन्हा ऐकलं. "मास्तरीणबाई, ही पोरगी आमच्याकडे साक्षीला आली असती ना, तर वकिलाला घाम फुटला असता."

पाच वर्षांतलं हे वन्संचं या विषयावरचं पहिलं मत. बाईंनी ते संदर्भसूचीत घालण्याचा मोह आवरला.

प्रकरण पाचवं : निष्कर्ष

प्रबंध अठ्ठावीस तारखेला बांधून आला. शीर्षक तेच राहिलं, ते बदलायला समिती लागते आणि समितीला बैठक लागते. मुख्य तक्त्यात वन्संचे गुण होते. त्याच्या शेजारच्या रकान्यात बाईंनी स्वतःचेही ठेवले आणि त्या दोहोंत अंतर का पडलं, ते पुढच्या चोवीस पानांत लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने शिक्का मारला आणि पहिल्यांदाच मान वर केली. "तुटलं नाही म्हणजे रबर."

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले होते. वयस्कर, आवाज मऊ, पेन्सिल मात्र टोकदार.

"तुमचं शीर्षक सांगतं, का-तासाचा परिणाम. तुमचा तक्ता सांगतो, परिणाम नाही."

"हो, सर."

"मग एवढी पानं?"

बाईंनी मार्गदर्शक मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मदत मिळणार नव्हती, आणि नको होती.

"सर, परिणाम दिसत होता तो माझ्यामुळे, आणि होत नव्हता तोही माझ्यामुळे. पहिलं मला आधीपासून आवडत होतं. दुसरं कळायला एवढी पानं लागली."

परीक्षकांनी काही पानं उलटली. पेन्सिल एका जागी थांबली. "इथे दोन्ही तुकड्यांत मिळून सात मुलं आहेत, पाचही प्रश्नांना शून्य. शेरा, 'शांतता'."

"ती बोललीच नाहीत, सर."

"तुम्ही थांबलात किती?"

वन्संनी वेळाही टिपल्या होत्या. बाईंनी पान काढलं. "तीन सेकंद. एका ठिकाणी दोन."

"मग ही शून्यं त्या मुलांची की तुमची?"

बाईंनी वेळांचं ते पान पुन्हा वाचलं. "माहीत नाही, सर. त्यांच्याकडे परत जायला हवं."

"जा ना मग," परीक्षक म्हणाले. "शीर्षकाखाली 'एक अभ्यास' एवढं घाला, पान क्रमांक चुकलेत ते नीट करा, पंधरा दिवसांत आणून द्या. मी पदवीसाठी शिफारस करतोय." आणि प्रबंध मिटता मिटता, "त्या टाचणीने पंखा लावून बघितला का?"

"बघितला, सर. आता ती म्हणते, पंखा कुठल्या बाजूने लावायचा ते आधी ठरवायला हवं."

बाहेर जिन्यावर वन्सं बसल्या होत्या, मांडीवर बाईंची पर्स. बाई आल्या, मान हलवून हो म्हणाल्या, शेजारी पायरीवर बसल्या आणि प्रवेशपत्र उलटं करून मागे लिहू लागल्या. चार नावं. खाली तीन नुसते क्रमांक, कारण ती 'ब'मधली, त्यांची नावं विचारायची राहिली होती.

"अगं, पास झालीस ना?" वन्सं म्हणाल्या. "मग आता कसली यादी?"

"वन्सं, उद्या दुपारी मोकळ्या आहात?"

वन्संनी यादी वाचली, बोटांवर मोजली : सात.

"उद्या नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मला दात दाखवायला जायचंय. परवा ये."